अंबाबरव्यातील बेचिराग गावठाणे

बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर दोन पर्वतरांगांच्या मध्ये पूर्णा नदीचे विस्तीर्ण खोरे पूर्वपश्चिम पसरलेले दिसते. दक्षिणेस अजिंठ्याची रांग असून तिच्या माथ्यावर जिल्ह्याचे ठाणे वसले आहे. उत्तरेस सातपुडा असून त्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांची काळीभोर शेती एकाएकी थांबते आणि डोंगर सरळ उभा राहतो. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला गाविलगड भ्रंश म्हणतात, त्या पृथ्वीच्या कवचातील प्रचंड भेगेमुळे हा आकस्मिक चढ निर्माण झाला आहे. या दोन्ही रांगांतील वनांना १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला: अजिंठ्याच्या बाजूस सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा, आणि सातपुड्याच्या बाजूस सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा, जे आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग म्हणून ओळखले जाते.

मळलेली वाट सोडून रानात शिरावे, एखाद्या नाल्याच्या काठी रात्र काढावी आणि झाडोऱ्यात बुडालेली ओसाड घरे धुंडाळावीत, ही ओढ अलीकडे आपल्याकडील तरुण मंडळींत वाढू लागली आहे. ती मला परकी नाही, आणि त्याज्य तर मुळीच वाटत नाही. शहरातील दिवाणखान्यात बसून अरण्यावर प्रेम करणाऱ्यापेक्षा पाय दमवून अरण्य पाहणारा माणूस केव्हाही श्रेष्ठ. परंतु बुलढाण्याच्या रानात ही हौस पुरी करावयाची असेल, तर आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे, ती ही, की येथील अरण्य निर्मनुष्य कधीच नव्हते. ज्या चौथऱ्याला ठेच लागून आपण थबकतो, त्या चौथऱ्यावरचे घर ज्याने बांधले तो माणूस पुष्कळदा अजून हयात असतो, आणि तेथून काही कोसांवर, सपाटीवरच्या एखाद्या नव्या वसाहतीत, आपल्या नातवंडांसह राहत असतो.

वऱ्हाडात गाव उजाड होणे ही काही नवी घटना नव्हे. आईन-ए-अकबरीमध्ये वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची जी यादी आहे, तीत नरनाळा आणि मेहकर ही नावे आढळतात. अर्थात सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख महसुली दप्तरात रीतसर नोंदला गेला होता. पुढच्या दोन शतकांत लढाया, धाडी आणि दुष्काळ यांनी या नोंदलेल्या गावांपैकी अनेकांचे दिवे मालवले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला, ते मैदान सातपुड्याच्या याच पायथ्याच्या पट्ट्यात आहे. आणि त्याच सुमारास वऱ्हाडावर जो दुष्काळ कोसळला, त्याने लढाईतून वाचलेल्यांनाही देशोधडीस लावले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर जेव्हा शिवारांची मोजणी आणि जमाबंदी झाली, तेव्हा ज्या गावांची काळी, म्हणजे शेतजमीन, शिल्लक होती पण पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, पुसली गेली होती, अशी गावे दप्तरात रिठी किंवा बेचिराग म्हणून दाखल झाली. आजही तलाठ्याच्या नकाशावर अशी मौजे सापडतात, ज्यांना हद्द आहे, गटक्रमांक आहेत, खातेदार आहेत, मात्र एकही चूल नाही. अशा गावांचा शोध घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ साली अकोला जिल्ह्यातून बुलढाण्यात आले. त्यामुळे उत्तरेकडील गावांचे जुने कागद पाहावयाचे असल्यास अकोल्याच्या दप्तराची वाट धरावी लागते.

सातपुड्यातील उजाड गावठाणांची कथा मात्र याहून अगदी निराळी आणि अगदी अलीकडची आहे. देशातील पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ मध्ये अस्तित्वात आले, त्यांत मेळघाट होता. आणि वाघासाठी माणसाच्या वहिवाटीपासून मुक्त असे गाभाक्षेत्र राखावयाचे, या धोरणानुसार या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे तेथून हलविण्यात आली. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेली दुरुस्ती आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा यांनी या प्रक्रियेला काही बंधने घातली: आधी रहिवाशांचे हक्क निश्चित झाले पाहिजेत, त्यांची संमती समजून-उमजून दिलेली असली पाहिजे आणि स्थलांतर स्वेच्छेचे असले पाहिजे. प्रत्येक कुटुंबामागे १० लाख रुपयांचा मोबदला २००८ पासून ठरला, तो २०२१ साली १५ लाख झाला. या क्रमात एकामागून एक गावे उठली, आणि त्यांतच संग्रामपूर तालुक्यातील, खुद्द अभयारण्याला ज्याचे नाव मिळाले ते अंबाबरवा आणि रोहिणखिडकी यांसारख्या वस्त्याही आल्या. या स्थलांतराची दुसरी बाजूही प्रवाशाने जाणून घेतली पाहिजे. शेजारच्या अकोट वन्यजीव विभागातील केलपाणी, गुल्लरघाट येथून उठवलेली कोरकू आदिवासी कुटुंबे, आश्वासन दिलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून, पुन्हा आपल्या जुन्या गावठाणांवर जाऊन बसली, आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे त्यांची व सरकारी बंदोबस्ताची चकमक उडाली. जे गावठाण आपणांस निसर्गरम्य भासते, ते कोणाच्या तरी मनात अद्याप उजाड झालेले नाही, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

शेगावहून उत्तरेकडे निघालेला रस्ता खिरोड्याच्या पुलावर पूर्णा ओलांडतो आणि वरवट बकालवरून सोनाळ्याकडे जातो. या प्रवासात भूमीचे तीन पट्टे क्रमाने समोर येतात, आणि ते नीट पाहिले तर पुढील सर्व गोष्टींचा अर्थ उमगतो. पहिला पट्टा पूर्णेच्या गाळाचा. येथील भूगर्भातील पाणी खारे असून या खारपाणपट्ट्यातील खेड्यांनी गोड्या पाण्याच्या घागरीसाठी पिढ्यान्पिढ्या वणवण केली आहे. दुसरा पट्टा डोंगरपायथ्याचा. सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या थरांत पाणी मुरते आणि गोडे राहते, म्हणून सोनाळा, टुनकी या बाजूस संत्र्यांच्या व केळीच्या बागा दिसतात. तिसरा पट्टा डोंगराचा. तेथे पाषाण कठीण, माती पातळ, आणि पाणी नाल्यांच्या डोहांत व झिऱ्यांत तेवढे टिकते. डोंगरातील वस्ती याच पाण्याच्या धोरणाने विखुरलेली होती. जेथे बारमाही झिरा, तेथे गाव. आणि ज्या झिऱ्याने माणसाला आश्रय दिला, त्याच झिऱ्यावर आता वन्य पशू येतात.

माझा पहिला मुक्काम पायथ्यावरील अशा एका पुनर्वसित वसाहतीत होता, आणि अशा प्रवासाचा आरंभ येथूनच व्हावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सरळ रेषेत आखलेले रस्ते, विजेचे खांब, नळ, शाळा, आणि कोरकू घराची जुनी रचना सिमेंटच्या भिंतींतही जपण्याची धडपड या साऱ्यांचे येथे मिश्रण असते. कोरकूंच्या मूळ गावात मध्ये एक रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंस एकमेकांकडे तोंड केलेल्या घरांच्या दोन ओळी असत; प्रत्येक घरातून प्रत्येक घर दिसे. नव्या वसाहतीतही संध्याकाळी खाटा रस्त्याच्या कडेला येतात आणि समोरासमोर बोलणे सुरू होते. दवाखाना जवळ आला, मुले शाळेत नियमित जाऊ लागली, पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून नाले ओलांडण्याचे संकट टळले, हे स्त्रिया समाधानाने सांगतात. आणि मोहफुले, चारोळी, तेंदू यांवर चालणारा घरखर्च आता रोख पैशाने भागवावा लागतो, हे पुरुष खिन्नपणे सांगतात. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

अभयारण्यात शिरावयाचे ते परवान्यानेच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या २७ व्या कलमाने अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहे, २८ व्या कलमान्वये अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी परवाना मिळतो, आणि ३० व्या कलमाने आग लावण्यास मनाई आहे. तेव्हा पाठीवर तंबू टाकून मनास येईल त्या बाजूने आत घुसणे आणि शेकोटी पेटवून बसणे, हा येथे सरळसरळ गुन्हा होय. परंतु अरण्यात रात्र घालविण्याचा एक सनदशीर मार्ग वनखात्याने स्वतःच खुला ठेवला आहे. वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून जी प्राणिगणना होते, तीत अर्ज करून सामान्य नागरिकालाही भाग घेता येतो. पाण्याचे साठे तेव्हा सर्वांत कमी उरलेले असतात, चंद्रप्रकाशात विजेरीवाचून दिसते, आणि रानातील बहुतेक प्राण्यांना दिवसरात्रीत एकदा तरी पाण्यावर यावेच लागते, अशा तीन गोष्टींच्या मेळावर ही जुनी रीत उभी आहे. वाघांची मोजदाद आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होत असली, तरी नागरिकाला अरण्याच्या सान्निध्यात बसविण्याचे या रात्रीचे मोल कमी झालेले नाही.

माझ्या वाट्याला आलेले मचाण अशाच एका जुन्या गावठाणालगत होते. त्या वस्तीचे नाव मी येथे हेतुपुरस्सर देत नाही. गुप्तधनाच्या लोभाने उजाड गावांतील देवस्थाने आणि चौथरे उकरणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि त्यांना वाटाड्या होण्याची माझी इच्छा नाही. सोबत बीटाचे नाकेदार, म्हणजे वनरक्षक, होते, आणि वनमजूर म्हणून काम करणारे एक वृद्ध कोरकू गृहस्थ होते, ज्यांना सर्वजण बाबा म्हणत. बाबांचा जन्म त्याच गावचा. दिवस मावळावयास अवकाश होता, म्हणून नाकेदारांच्या संमतीने आम्ही गावठाणातून एक फेरी मारली, आणि ओसाड वस्ती वाचावी कशी, हे त्या फेरीत मला बाबांनी शिकविले.

प्रथम भेटते ती पांदण. गाडीवाट मोडली तरी चाकोरीने दबलेली जमीन पुष्कळ वर्षे झाडोरा धरत नाही. दोन्ही कडांना बोरी व करवंदीची दाटी आणि मध्ये विरळ गवत, असा पट्टा दिसला, की तो गावाकडे जाणार हे निश्चित. मग झाडे बदलतात. साग, धावडा, सालई आणि पांढऱ्या खोडाचा कंडोळ ही रानाची झाडे. त्यांच्यामध्ये एकदम आंबा, चिंच, कडुनिंब, शेवगा आणि सीताफळ एकत्र दिसू लागले, तर तेथे माणसाचा हात लागला होता असे समजावे. मोहाचे झाड रानचेही असते आणि घरचेही. पण ज्या मोहाखालची जमीन अजून सपाट व दगडविरहित आहे, तो मोह कोणाच्या तरी मालकीचा होता, कारण फुले वेचण्यापूर्वी त्याच्या तळाची जागा दरवर्षी झाडून स्वच्छ केली जात असे. एका विशाल आंब्याशी बाबा थांबले, खोडावर हात ठेवला आणि म्हणाले, "माह्या बापानं लावला हा, सायेब. आता वांदरं खातात. खाऊ द्या." त्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि उदासीनताही नव्हती, आपल्या मालकीची वस्तू दुसऱ्याच्या उपयोगी पडत असल्याची शांत नोंद होती.

घरे म्हणून शोधू जाल तर घरे दिसत नाहीत. कोरकू घराच्या भिंती कुडाच्या, वरून माती व शेणाने लिंपलेल्या, छप्पर कवेलूंचे, खांब सागाचे. गाव उठते तेव्हा माणसे खांब, दारे आणि कवेलू बरोबर नेतात, कारण नव्या जागी त्यांचाच प्रथम उपयोग होतो. छप्पर गेले, की पहिल्याच पावसाळ्यात पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरते. बांबूचे कामट कुजते, वाळवी लागते, आणि थोड्याच वर्षांत भिंतीच्या ठिकाणी मातीचा एक लांबट उंचवटा तेवढा राहतो. टिकतात ती दगडाची कामे: चौथऱ्याची कड, उखळ, फुटक्या जात्याची तळी, चुलीचे दगड, रांजण रोवण्याची गोल खळी. विहिरीच्या कडेवरील दगडांवर दोरांनी पाडलेल्या खोल खाचा पाहून एका गावाने किती पाणी ओढले असेल याची कल्पना येते. गोठ्यांची जागा मात्र डोळ्यांना चटकन ओळखता येते. जेथे कित्येक पिढ्यांचे शेण व मूत्र जमिनीत जिरले, तेथील माती आजही अधिक सकस असून गवत अधिक दाट वाढते, आणि म्हणूनच चितळांच्या व रानगव्यांच्या लेंड्या व शेण तेथे सर्वांत जास्त आढळतात. वनखाते उठलेल्या गावांच्या शेतांत कुरणे वाढवते, त्यामागेही हेच शास्त्र आहे: पूर्वीचे शिवार तृणभक्षकांना पोसते, आणि तृणभक्षक वाघाला. माणसाने नांगरलेल्या जमिनीचाच हा वारसा होय.

गावाच्या वेशीवर मुठवा देवाची जागा होती: शेंदूर माखलेले काही पाषाण, आणि शेंदूर ताजा. उठून गेलेली माणसे परवानगी काढून येतात, नारळ फोडतात आणि परत जातात. कोरकूंमध्ये मृतांच्या स्मृत्यर्थ सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेली सागाची फळी उभारण्याची चाल आहे, तिला मुंडा म्हणतात. अशा फळ्या जेथे उभ्या असतील ती जागा स्मशानाइतकीच पवित्र मानून दूर राहावे, तिला हात लावू नये आणि तिच्या आडोशाला बसूही नये. बाबांनी पायांतील वहाणा काढल्या, तशा आम्हीही काढल्या.

सूर्य टेकला तसे आम्ही मचाणावर चढलो. वैशाखातील सातपुडा दिवसभर भट्टीप्रमाणे तापतो. तापलेला काळा पाषाण मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि पहाटेचा गारवा येईतो अंगावरचा सदरा कोरडा होत नाही. प्रथम मोर आले, मग लांडोरी, मग माकडांची शेवटची टोळी. संधिप्रकाश विझता विझता रातव्याचा एकसुरी ठोका सुरू झाला. चंद्र वर आला तेव्हा समोरचा पाणवठा आणि त्यापलीकडचे गावठाण असे दोन्ही एकाच प्रकाशात स्पष्ट दिसू लागले. सांबरांचा एक लहान कळप पुष्कळ वेळ काठावर थांबून, कान टवकारून, एकेक करून पाण्याला लागला. मध्यरात्रीनंतर अस्वलाची मादी आली. तिच्या पाठीवर केसांना घट्ट धरून पिल्लू बसले होते. थंडीत जन्मलेली पिल्ले या दिवसांत आईच्या पाठीवरून फिरतात. ती जुन्या पांदणीनेच आली, पाणी प्यायली, आणि त्याच पांदणीने परत गेली. दूरवर कोठेतरी भेकर भुंकले, सर्व हालचाल थांबली, आणि बराच काळ पाण्यावर कोणीही आले नाही. वाघ दिसला नाही. नाकेदारांनी हे सर्व वेळेसह तक्त्यात नोंदले. माणसाने पायांनी मळलेली वाट जनावरे सोडत नाहीत, ही गोष्ट मी पुस्तकांत वाचली होती. ती डोळ्यांनी पाहण्याचा योग त्या रात्री आला.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे ज्ञानगंगा अभयारण्य, जनावरे माणसाने वापरलेल्या जमिनीवरूनच ये-जा करतात, याच सत्याचे आणखी एक उदाहरण देते. खामगाव-बुलढाणा रस्ता त्याच्या मधून, बोथ्यावरून जातो. पलढगचा जलाशय त्याच्या कुशीत आहे. अंजन वृक्षांची राने, अस्वले आणि बिबटे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला, गळ्यात रेडिओ-पट्टा असलेला एक तरुण नर वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्या सीमा ओलांडत १३०० किलोमीटरांहून अधिक चालून डिसेंबर २०१९ मध्ये येथे पोचला. हा प्रवास त्याने घनदाट अरण्यातून केलेला नव्हता. कापसाची व तुरीची शेते, नाल्यांची पात्रे, झुडपी जंगले आणि पडीत शिवारे यांतून तो आला. तेथे जोडीदारीण न मिळाल्याने तो पुढे निघून गेला, तरी मागे एक धडा ठेवून गेला: आपण ज्यांना ओसाड आणि निरुपयोगी म्हणतो त्या पट्ट्यांवरच दोन अरण्यांमधील दळणवळण अवलंबून आहे.

ज्यांना तंबूतच रात्र काढावयाची आहे, त्यांनी ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पायथ्याच्या शेतांत काढावी. शेतमालकाची आगाऊ परवानगी घेऊन खळ्यावर मुक्काम करण्यासारखे सुख नाही. मात्र काही तपशिलांची उपेक्षा प्राणावर बेतते. रानडुकरांना आवरण्यासाठी काही शेतांच्या कुंपणांत बेकायदा वीज सोडलेली असते, म्हणून अंधार पडल्यावर मालकाच्या सोबतीवाचून बांध ओलांडू नये. उजाड गावठाणात व जुन्या शेतांत कठडे नसलेल्या विहिरी गवताखाली लपलेल्या असतात. पुढे काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये. चौथऱ्याचे दगड उलटू नयेत, कारण त्यांखाली विंचू असतात, आणि घोणस वा फुरसेही असू शकते. अस्वलाला सर्वांत जास्त चीड एकाएकी समोर येणाऱ्या माणसाची असते. वळणावर बोलत चालावे, म्हणजे ते स्वतःच बाजूला होते. आग्या मोहोळाखाली धूर करू नये आणि अत्तर लावून जाऊ नये. झिऱ्यावर मुक्काम टाकू नये, कारण आपण तेथे बसलो तर रात्रभर कोणी तरी तहानलेले राहते. पाणी माणशी पाच लिटर तरी सोबत असावे, आणि शिदोरी अशी असावी, की तिला विस्तवाची गरज पडू नये. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा आणि गूळ यांवर दोन दिवस उत्तम निघतात. ऋतू म्हणाल, तर कार्तिक ते फाल्गुन. पावसाळ्यात नाले क्षणात भरतात आणि अभयारण्याची दारेही बंद असतात.

अरण्यासाठी उठलेल्या गावांत प्रवाशाने कसे वागावे, हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात १९३५ साली शेननडोआ राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा ब्ल्यू रिज डोंगरातील शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. तेथील अरण्यात आजही दगडी धुराडी, तळखड्यांचे अवशेष, सफरचंदाची झाडे आणि कौटुंबिक दफनभूमी आढळतात. परवाना घेऊन अरण्यात मुक्काम करता येतो, पण भग्नावशेषांपासून ठरावीक अंतराच्या आत तंबू ठोकण्यास मनाई आहे. १९६४ च्या तेथील वनविषयक कायद्याने अस्पर्श अरण्याची व्याख्या करताना माणूस हा तेथे येऊन जाणारा पाहुणा आहे असे मानले. आपल्या सातपुड्याला ही व्याख्या लागू पडत नाही. येथे कोरकू, निहाल आणि भिलाला यांच्या पिढ्यांनी अरण्यात शेती केली, झाडे लावली, झिरे उपसले, आणि त्यांच्या जाण्यानंतर जे अरण्य वाढत आहे ते त्यांच्याच शिवारावर वाढत आहे. म्हणून येथे येणारा प्रवासी दोन यजमानांचा पाहुणा असतो: एक यजमान पशुपक्ष्यांचा समुदाय, दुसरा पायथ्याशी राहावयास गेलेला मनुष्यसमुदाय, आणि एकाचा परवाना वनखाते देत असले, तरी दुसऱ्याची अनुज्ञा त्याच्या दारी जाऊनच मिळवावी लागते.

या दुसऱ्या यजमानाचे ऋण फेडण्याचा एक मार्ग प्रत्येक प्रवाशाच्या हाती आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोंगरपट्टीत निहाली ही भाषा बोलणारे सुमारे दोन-अडीच हजार लोक राहतात. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते निश्चितपणे जोडता आलेले नाही. कायपर या डच विद्वानाने १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्रज्ञ आजही तिची नोंद करीत आहेत. निहाली असो वा कोरकू, त्या भाषांतील नाल्यांची, टेकड्यांची, डोहांची आणि एकेका झाडाची नावे सरकारी नकाशावर क्वचितच उतरलेली आहेत. ती बाबांसारख्या वृद्धांच्या स्मरणात आहेत, आणि गाव उठल्यानंतर जन्मलेल्या मुलांना ती शिकण्याचा प्रसंगच येत नाही. कक्ष क्रमांक आणि बीट यांवरून वनखात्याचा कारभार चालेल. पण ज्या झिऱ्याचे नाव हरवले त्याचा इतिहासही हरवला. रानातून परतणाऱ्याने एक संध्याकाळ नव्या वसाहतीत राखून ठेवावी, वृद्धांची संमती घेऊन ही नावे, त्यांच्या जागा आणि त्यांच्यामागील हकिकती लिहून घ्याव्यात, आणि त्याची एक स्वच्छ प्रत गावच्या शाळेत व ग्रामपंचायतीत ठेवावी. छायाचित्रे काढणारे पुष्कळ आहेत. ज्या गावांची मोजणी, जमाबंदी, हद्द आणि मोबदला या सर्वांच्या नोंदी झाल्या, त्यांच्या जीवनाची नोंद अद्याप व्हावयाची आहे. आणि ती करू शकणारी माणसे आज सपाटीवरच्या खाटांवर बसून आपली वाट पाहत आहेत, तोवरच ती होणे शक्य आहे.